काळ्या मातींतील दिवाळी

"या वयांत मोटारींत बिऱ्हाड थाटून रानोमाळ हिंडण्याची दुर्बुद्धि तुम्हां दोघांना कशी झाली?" असा प्रश्न आम्ही परदेशाहून मानवतला परत आल्यावर थोरल्या जाऊबाईंनीं मला केला. उत्तर एका वाक्यांत देतां येईना, म्हणून आज येथें सविस्तर देतें.

२०२२ सालच्या दिवाळीसाठीं आम्ही उभयतां ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें कन्येकडे गेलों होतों. नातवंडें दिवसभर शाळेंत, कन्या व जांवई कचेरींत. तेव्हां जांवयांनींच सुचविलें कीं, सणापूर्वीं तुम्ही दोघें आठ दिवस देश पाहून या. त्यांनीं भाड्यानें आणलेली मोटार मोठी मौजेची होती. मागल्या भागांत घडीचा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि भांड्यांचें कपाट. जणूं चाकांवर ठेवलेली खोलीच! वाहनें तेथेंही आपल्यासारखीं डाव्या बाजूनें चालतात, त्यामुळें यजमानांना अडचण पडली नाहीं.

सिडनीच्या वायव्येस सुमारें ५०० किलोमीटरांवर नॅराब्राय हें गांव आहे आणि त्याच्या पलीकडे वी वॉ. त्या बाजूस पोंचल्यावर मीं खिडकींतून बाहेर पाहिलें, तों काळीभोर माती आणि क्षितिजापर्यंत सपाट रान! क्षणभर वाटलें, आपण पाथरीच्या वाटेवरच आहोंत. आपली काळी माती सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या खडकापासून झालेली आहे. तिकडची माती तशाच, पण वयानें लहान अशा ज्वालामुखी डोंगरांच्या झिजेंतून नद्यांनीं आणून पसरलेली. दोघींचा स्वभाव मात्र एकच. उन्हांत भेगाळावें, पाणी पिऊन फुगावें आणि येणाऱ्याजाणाऱ्याचें चाक धरून ठेवावें! पीकही तेंच. नमोई नदीवरील कीपिट धरण १९६० सालीं पुरें झालें, आणि १९६१ मध्यें कॅलिफोर्नियाहून आलेल्या शेतकऱ्यांनीं तेथें कापसाची शेती सुरू केली. मात्र ऋतु उलटे. दिवाळीच्या सुमारास मानवतच्या बाजारांत नवा कापूस येऊं लागतो, तर तेथें त्याच दिवसांत पेरणी चालते.

त्या वर्षीं तिकडे पाऊस थांबेचना. उत्तरेकडील मोरी नांवाच्या गांवांत तर त्याच आठवड्यांत महापूर आला. नांव ऐकून आम्ही हंसलों. परंतु तें हंसणें फार वेळ टिकलें नाहीं. धनत्रयोदशीच्या दिवशीं शेतें पाहण्यासाठीं एका आडरस्त्यानें गेलों. परततांना पाहतों, तों मघाशीं कोरड्या असलेल्या फरशीपुलावरून गढूळ पाणी वाहत होतें. कडेला पाण्याची खोली दाखविणारा आंकड्यांचा खांब होता. त्यावर जेमतेम वीतभर पाणी दिसत होतें. पलीकडे डांबरी सडक होती. ती गांठली, कीं सिडनी, नातवंडें आणि लक्ष्मीपूजन!

यजमान म्हणाले, "अगं, वीतभर तर पाणी आहे. हळूहळू काढतो गाडी."

मला सासूबाईंची आठवण झाली. नवी नवरी म्हणून त्या मानवत रोड स्टेशनावरून दमणींतून गांवीं येत असतां वाटेंत ओढ्याला पाणी आलें होतें. गाडीवानानें "एवढंसं तर पाणी" म्हणून बैल आंत घातले. खालची माती वाहून गेलेली होती. माणसें वांचलीं, पण एक बैल गेला. ही हकीकत सांगतांना सासूबाई शेवटीं दर वेळीं म्हणत, "मला आधीच भीती वाटली होती, पण नव्या नवरीनं बोलायचं कसं?"

मी तर नवी नवरी नव्हतें. लग्नाला बेचाळीस वर्षें झालीं होतीं. परंतु वीस माणसांच्या आमच्या घरांत निर्णय ओसरीवर होत आणि माजघरांत कळत. यजमानांना 'नको' असें मीं कधीं तोंडावर म्हटल्याचें मला स्मरत नाहीं. त्या दिवशीं म्हटलें. "अहो, पाणी वीतभर दिसतंय, पण खालचा रस्ता कुठं दिसतोय? जायचंच असेल तर मी इथं उतरते."

ते कांहीं बोलले नाहींत. बराच वेळ कांचेवरचें पाणी तेवढें पुसलें जात होतें. मग त्यांनीं गाडी मागें वळविली.

आम्ही वी वॉला परतलों. त्या गांवाभोंवतीं पुरापासून रक्षणासाठीं मातीचा बांध आहे. त्याच्या आंत आम्हांला तीन दिवस मुक्काम पडला. लक्ष्मीपूजन मोटारींतच झालें. वाटींत तूप घेतलें. वातीसाठीं मात्र त्या कापसाच्या मुलखांत औषधाच्या पेटींतला कापूस काढावा लागला. नैवेद्याला शिरा केला. नातवंडें फोनवर दिसलीं आणि रुसलीं. मलाही वाईट वाटलें.

रात्रीं यजमानांना मीं सासूबाईंची हकीकत सांगितली. ते थक्क झाले. "आईचं हे मला ठाऊकच नव्हतं," म्हणाले. माजघरांत आम्हां सुनांना शंभरदां सांगितलेली गोष्ट पोटच्या मुलापर्यंत पोंचलीच नव्हती! मग आम्ही फार रात्रीपर्यंत बोलत बसलों. मोटारीच्या टपावर पाऊस वाजत होता, आणि हांक मारणारें तिसरें कोणी नव्हतें.

त्या फरशीखालचा रस्ता खरोखर खचला होता कीं नाहीं, हें आम्हांला अखेरपर्यंत कळलें नाहीं. यजमान अजूनही म्हणतात, गाडी गेली असती. कदाचित् गेलीही असती. परंतु ज्याला भीति वाटते त्याला ती बोलून दाखवितां यावी, आणि बाकीच्यांनीं ती ऐकून घ्यावी, एवढें तरी घरांत असावें कीं नाहीं?

जाऊबाईंना आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. परवां भर पावसांत चिरंजीव पाथरीला जाण्यासाठीं मोटार काढूं लागले. यजमान ओसरीवर होते. त्यांनीं दाराशीं उभ्या असलेल्या सूनबाईंकडे वळून विचारलें, "तुला काय वाटतं?"