कोटेशनवर सही करण्याआधी गच्चीवर जा

सिडको, गारखेडा, सातारा परिसर, देवळाई. आपल्या छत्रपती संभाजीनगरात कुठल्याही कॉलनीत मान वर केली की दोन-चार गच्च्यांवर सोलरचं स्ट्रक्चर दिसतंच. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि घरोघरी कोटेशनं फिरू लागली. अनुदान बरं आहे आणि ऊन आपल्याकडे उदंड आहे. तेव्हा सोलर जरूर बसवा. विनंती एवढीच, की सही करण्याआधी आपल्या गच्चीवर वर्षाला किती युनिट तयार होतील, याचा हिशोब स्वतः मांडा. तास-दीड तासाचं काम आहे आणि दहावी झालेल्या मुलालाही जमेल असं आहे.

एजन्सीवाला सांगतो, ‘एका किलोवॅटला दिवसाला पाच युनिट.’ तो खोटं बोलत नाही. मार्चमधल्या लख्ख दिवशी तेवढी होतातही. पण हा आकडा शोरूममध्ये सांगितलेल्या गाडीच्या ॲव्हरेजसारखा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून राहतं तेव्हा तीच पॅनल किलोवॅटमागे तीन युनिटांच्या आसपास येतात. बारा महिन्यांची सरासरी काढली, तर आपल्या शहरात दक्षिणेकडे कललेल्या, स्वच्छ आणि बिनसावलीच्या पॅनलला दिवसाला चार-सव्वाचार युनिट पडतात. म्हणजे किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,450 ते 1,550. धूळ आणि बारीकसारीक सावली गृहीत धरून घरच्या हिशोबाला 1,400 धरा. जास्त झाली तर आनंदच आहे.

दुसऱ्या गावचा आकडा इथे लावू नका. जर्मनीत किलोवॅटमागे वर्षाला हजार युनिटांच्या आसपास मिळतात, तरीही तिथली घरं पॅनलनी भरली आहेत. राजस्थानच्या वाळवंटात आपल्यापेक्षा जास्त मिळतात. कोकणात पावसाळ्याचे तीन-चार महिने उत्पादन पार खाली येतं. आपण पर्जन्यछायेत आहोत. पाण्याला तो शाप असला, तरी सोलरला फायद्याचाच.

मात्र ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हा समज सोडा. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. पॅनलवर छापलेली क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पॅनल 65 अंशांपर्यंत तापतं आणि 25 च्या वरच्या प्रत्येक अंशामागे त्याची ताकद 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. भर दुपारी 12 ते 16 टक्के वीज अशी नुसत्या तापण्यात जाते. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे.

आता गच्चीवर चला. आपल्याकडे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, म्हणून प्रत्येक घरावर दोन-दोन टाक्या असतात. सोलरचा खरा शत्रू ही टाकी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सर्वांत खाली असतो. तेव्हा दुपारी साडेबाराच्या सुमारासही सावली वस्तूच्या उंचीएवढी लांब पडते, आणि सकाळी नऊला उंचीच्या दुपटीहून जास्त. स्टँडसकट आठ फुटांची टाकी असेल, तर दुपारी उत्तरेला सुमारे आठ फूट जागा तिची समजा. सकाळी तीच सावली वायव्येला अठरा फुटांवर जाते. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर सावली आली तरी आख्ख्या ओळीची वीज घसरू शकते. खडू घेऊन सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता सावलीची कड आखा. शेजारचा प्लॉट दक्षिणेला असेल आणि रिकामा असेल, तर उद्या तिथे तीन मजले चढतील हेही डोक्यात ठेवा. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते.

धुळीचंही तसंच. पावसाळा संपला की आठ महिने धूळ बसत राहते, आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी मारून तसंच वाळू दिलं तर काचेवर पांढरे डाग धरतात. पहाटे किंवा संध्याकाळी, पॅनल गार असताना धुवा आणि लगेच मऊ वायपरने निपटून काढा.

मग लाइट बिल काढा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, बारा महिन्यांची बेरीज करा. समजा वर्षाला 2,520 युनिट आली. त्याला 1,400 ने भागलं की 1.8 येतात, म्हणजे तुम्हाला दोन किलोवॅट पुरे. तीन किलोवॅटला अनुदान 78,000 रुपये मिळतं, पुढे कितीही वाढवा, तेवढंच राहतं. ‘पाच किलोवॅट टाका, विकून पैसे मिळतील’ असं कुणी म्हणालं तर थांबा. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात खरी, पण 31 मार्चला आर्थिक वर्षाचा हिशोब मिटतो आणि उरलेल्या युनिटांना आपण वीज घेतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणजे थंडीत साठवलेली युनिटं एप्रिल-मेच्या एसीला कामी येत नाहीत. शिवाय स्थिर आकार भरावा लागतोच. आणि बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की बंद पडतं, तेवढा वेळ उत्पादन शून्य.

पडताळणीसाठी दोन मोफत साधनं आहेत: युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस आणि अमेरिकेतलं पीव्हीवॉट्स. नकाशावर आपलं घर शोधायचं, किलोवॅट आणि कल भरायचा (आपल्याकडे 15 ते 20 अंश), की महिन्यावार युनिटं समोर येतात. एक खाच लक्षात ठेवा: पहिल्यात दक्षिण दिशा 0 अंश आहे, दुसऱ्यात 180. इथे चुकलात तर पॅनल उत्तरेला तोंड करून बसतील आणि आकडा कमी येईल. घट दोन्हीकडे आधीच 14 टक्के भरलेली असते, आपल्या धुळीला ती 18-20 करा. तुमची टाकी मात्र या साधनांना दिसत नाही, ती खडूनेच मोजायची.

एवढं झालं की एजन्सीकडून बारा महिन्यांचा अंदाज लेखी मागा. त्यात पॅनलचा कल, दिशा आणि सावलीपोटी धरलेली घट लिहायला लावा. जो लिहून देईल त्याच्याशी पुढचं बोला, ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. पॅनल बसल्यावर दर महिन्याच्या एक तारखेला इन्व्हर्टरच्या ॲपमधला आकडा त्या कागदाशेजारी लिहा. स्वच्छ उन्हाच्या महिन्यातही पंधरा-वीस टक्क्यांची तूट दिसली, तर आधी काच पुसा, मग सावली बघा आणि तरीही फरक राहिला तर तो कागद घेऊन एजन्सीच्या दारात जा.