घरातले आजारपण घराबाहेर काढू या





मंडळाच्या गणपतीला प्रसादाच्या रांगेत दर वर्षी कोणीतरी विचारतेच, "काय, चिरंजीव सध्या कुठे?" सहा वर्षे मी "कॅलिफोर्नियात" असे उत्तर देत आलो. चिरंजीव त्या वेळी इथेच, ॲन आर्बरमधल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत पडदे लावून बसलेला असे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हा मजकूर मी त्याला वाचून दाखवला आणि त्याच्या संमतीनेच तुम्हाला पाठवतो आहे.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी हे सुरू झाले. शेजारी माझ्याबद्दल बोलतात, लॅपटॉपमधून कोणीतरी पाहते आहे, असे तो म्हणू लागला. आम्ही दोघेही इंजिनिअर. आधी आम्हाला तो अभ्यासाचा ताण वाटला, मग आळस. अंधश्रद्धेवर याच पानांत तावातावाने लिहिणारा मी, नातेवाइकांच्या आग्रहाखातर भारतात जाऊन नारायण नागबळीही करून आलो. या सगळ्यात दीड वर्ष गेले. हा आजार जितक्या लवकर ओळखून उपचार सुरू होतील तितके बरे, हे नंतर कळले आणि ते अजून सलते.

स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व नव्हे, की संस्कारांतली खोट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 300 माणसांमागे एकाला हा आजार आहे. तो बहुधा ऐन तारुण्यात गाठतो. भास आणि संशय लोकांना ठाऊक असतात. पण अंघोळ नको, बोलणे नको, कशातच रस नाही, हीही लक्षणेच आहेत. आपण आजारी आहोत हे न पटणे हासुद्धा अनेकदा हट्ट नसून आजाराचाच भाग असतो.

आमची रोजची पथ्ये साधी आहेत. रात्री नऊला गोळ्या, वेळेवर झोप, घरात आवाज चढवायचा नाही. त्याला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत असा वाद घालायचा नाही आणि खरे आहेत असेही म्हणायचे नाही, "तुला भीती वाटते आहे ना?" एवढेच विचारायचे. आता तो आठवड्यातून तीन दिवस बसने एका दुकानात कामाला जातो. आवाज पूर्ण थांबलेले नाहीत. ते असताना तो काम करतो.

एक व्यवहाराची गोष्ट. मुलाला अठरा पूर्ण झाली की त्याच्या संमतीशिवाय डॉक्टर आपल्याला सहसा काही सांगत नाहीत. पण आपण डॉक्टरांना जे सांगू ते ऐकून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून घरात जे दिसते ते तारखेनिशी लिहून कळवावे. मुलगा बरा असताना त्याच्याकडून संमतिपत्रावर सही घेऊन ठेवावी.

अशा वेळी मला कॅलगरीच्या डॉ. जगन्नाथ वाणी यांची आठवण होते. आपल्यासारखेच परदेशी स्थायिक झालेले, विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. 1997 साली त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्ण आणि घरचे लोक स्वमदत गटात एकत्र बसू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (2004) त्यांच्याच पाठबळावर निघाला. 2017 साली वाणी गेले. 'देवराई' पाहून आपल्यापैकी कितीजण हळहळले! पण हळहळून घरी परतल्यावर आपल्या घरातल्या 'शेष'बद्दल आपण गप्पच राहिलो.

या गप्प बसण्याची किंमत मोठी आहे. माझी पत्नी सहा वर्षांत एकाही भिशीला गेली नाही. "लग्न केले की ठीक होईल" म्हणून आजार लपवून भारतातून सून आणल्याचेही ऐकले आहे; तो त्या मुलीवर उघड अन्याय आहे. आणि सर्वांत अवघड प्रश्न, आमच्यानंतर याचे कोण? तो सोडवायचा तर भावंडांशी, मित्रांशी आणि वकिलाशी आजच बोलायला हवे. लपवलेल्या माणसाची व्यवस्था कोण लावणार?

नॅशनल अलायन्स ऑन मेंटल इलनेसची शाखा आपल्या वॉशटेनॉ काउंटीत आहे. त्यांचा कुटुंबीयांसाठीचा वर्ग विनामूल्य असतो आणि स्वतः या अनुभवातून गेलेले लोकच तो घेतात. आम्ही फार उशिरा गेलो. आणीबाणीच्या वेळी 988 हा क्रमांक लक्षात असू द्या.

यंदा गणपतीत कोणी विचारले तर मी खरे उत्तर देणार आहे. ऐकून सल्ला देऊ नका. एखाद्या रविवारी घरी या, त्याच्याशी बुद्धिबळाचा एक डाव खेळा. तो बहुतेक जिंकेल.

आपला,
संपादक