पंप गेला!

आमच्या सुलतानपुरात माणूस गेला अशी बातमी आली, तरी चार जाणती माणसं आधी नाडी बघतात, नाकापुढे सूत धरतात. पिकअप गाडीच्या डिझेल पंपाच्या नशिबी एवढंही नसतं. गाडी चालू होत नाही म्हटलं, की मिस्त्री बॉनेट अर्धवट उचलून जाहीर करतो, "पंप गेला, राजेहो. खोलाच लागते."

या निदानाविरुद्ध माझी जाहीर तक्रार आहे.

आमच्या धाकट्या बंधूंची पिकअप वीस वर्षांची. गेल्या हंगामात सोयाबीनची पोती भरून ती मेहकरच्या बाजाराला निघाली आणि अंगणातच बसली. स्टार्टर गरगर फिरतोय, इंजिन काही पेट घेईना. पंप उतरवला, शहरगावी बेंचवर नेला, चार दिवसांनी परत बसवला. बेंचवाला म्हणाला, "पंप एकदम ठीक आहे." आणि ठीक असलेला पंप खोलल्याचे पैसे घेतले! गाडी होती तिथेच.

आता हा पंप म्हणजे काही विहिरीवरची मोटर नव्हे. डिझेलसाहेबांनी १८९७ साली आपलं इंजिन चालवून दाखवलं, पण त्यात इंधन फुंकायला हवा दाबणारं वेगळं यंत्र लागे. मोटारीत मावेल असा पंप बॉशच्या कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागला तो १९२७ साली. त्यातला दट्ट्या आणि त्याची नळी यांत मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाएवढी फट असते. धुळीचा एक कण तिथे दरोडेखोर ठरतो. अशी वस्तू संशयावरून फोडायची?

शिवाय या पंपावर अंगठ्याएवढा एक सोलेनॉइड बसवलेला असतो. चावी फिरवली, बारा व्होल्ट आले, की तो 'टक्' करतो आणि डिझेलची वाट उघडतो. वीज आली नाही, तर पंप कितीही धडधाकट असो, इंजिनाला थेंब मिळत नाही. म्हणून आधी कान द्यावा. टक् नाही? मग बल्बला दोन वायरी जोडाव्या, एक अर्थिंगला, एक सोलेनॉइडच्या टोकाला. दिवा लागला नाही तर फ्यूज, त्याचं घर आणि वायर मागे मागे तपासत जावं. दिवा लखलखीत आहे तरी टक् नाही, तर सोलेनॉइड बदलावा. टक् होतंय? मग फिल्टर बघावा, हातपंप मारून हवा काढावी, बुडबुडे थांबेपर्यंत. एवढं सगळं झाल्यावर पंपाचं नाव घ्यावं, तेही हळू आवाजात.

लोणारचा खड्डा आमच्या तालुक्यातच आहे. भोवती सगळा ज्वालामुखीचा काळा खडक, तेव्हा खड्डाही ज्वालामुखीचाच, अशीच पुष्कळांची समजूत होती. तिथला खडक तपासून तो उल्केच्या आघाताने झाल्याचा पुरावा १९७३ साली छापला गेला. एवढ्या मोठ्या खड्ड्याच्या बाबतीत जे घडलं ते पिकअपच्या बाबतीत घडायला काय हरकत आहे?

शेवटी इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या एका पोरानं बल्ब लावला. फ्यूजच्या घरात हिरवा कीट चढला होता. काचकागदानं घासला, गाडी सुरू! पोरानं शंभर रुपये मागितले, तर भोवतीची मंडळी खवळली. "नुसता दिवा लावला, त्याचे शंभर?" चार दिवस आणि पंपाचं भलंमोठं बिल कुणाच्या डोळ्यांत खुपलं नव्हतं. पंप डोळ्यांना दिसतो ना!

मिस्त्रीला मी हे ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, पाह्यल्याचे पैशे कोणी देत नाई. सामानाचे देते."

आता त्याला काय म्हणावं? डॉक्टर नाडी बघायचे पैसे घेतो, वकील कागद नुसता चाळायचे घेतो. मी मिस्त्रीला पाटी लिहून देतो म्हटलं : 'तपासणी – शंभर रुपये. पंप त्यानंतर.'

शेजारचे काका तेवढ्यात म्हणाले, "शंभर जास्त होतात. पन्नास लिवा."