मनोरा उभा आहे, गावांचे काय?

आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तंजावरचे मराठे दोन ओळींत संपतात. व्यंकोजीराजांनी राज्य स्थापले, सरफोजीराजांनी ग्रंथालय वाढवले, पुढचा धडा! एनडीएच्या परीक्षेला तेवढे पुरतेही. तिथे अचूक पर्याय निवडायचा असतो, कारणे सांगायची नसतात. पण उद्या सैन्याचे नेतृत्व करणाऱ्याला एवढ्यावर भागेल का?

तंजावर जिल्ह्यात समुद्रकिनाऱ्यावर आठ मजली षटकोनी मनोरा आहे. नेपोलियनच्या पाडावानिमित्त, इंग्रजांचा मित्र म्हणून, दुसऱ्या सरफोजीराजांनी तो बांधला. तेव्हा राज्याचा कारभार कंपनीकडे गेलेला होता. हजारो मैलांवरच्या युद्धाचे स्मारक कावेरीच्या मुलखात उभे राहिले ते असे.

त्याच मुलखातून 1781 मध्ये हैदरअलीचे सैन्य गेले. तंजावरचा किल्ला टिकला, पण गावे उघडी पडली. पाटबंधारे मोडले, गुरे नेली गेली, भाताचे पीक बुडाले. हा प्रदेश सावरायला पुढे कित्येक वर्षे लागली. फेब्रुवारी 1782 मध्ये अन्नगुडीजवळ टिपूने कर्नल ब्रेथवेटच्या फौजेचा पराभव केला. लष्करी इतिहासात ही लढाई सापडते. ज्यांच्या शेतांतून फौजा गेल्या, त्या शेतकऱ्यांची नावे मात्र सापडत नाहीत.

स्मृती जपायची म्हणजे नुसता दगड उभारून भागत नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख आहे. तिथल्या बहुतेकांना मराठी येत नाही आणि आपण तिथवर जात नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत, पण मोडी वाचणारे किती उरले? वाचणारा नसेल तर जपलेला कागदही मुकाच.

गणित आणि विज्ञानाचाच भार इतका आहे की इतिहासाला वेळ कुठून आणायचा, असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण नकाशावरचा पूल उडवण्याचा आदेश देणाऱ्याला, त्या पुलावरून कोणाचे धान्य जाते हे कळायला हवे. सन आणि सेनापती पाठ करून ती समज येत नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. येत्या सुट्टीत प्रत्येक कॅडेटने आपल्या गावातल्या एका माजी सैनिकाची किंवा वीरपत्नीची आठवण त्यांच्याच शब्दांत लिहून आणावी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जवानांची स्मृती आजही जपली जाते. तसा दगड आपल्या गावात असेल, तर त्यावरची अक्षरे उतरवून घ्यावीत. शिक्षकांनी या लेखनाला गुण द्यावेत आणि शाळेने त्याची वही ग्रंथालयात ठेवावी. खर्च काही नाही. मात्र उशीर करून चालणार नाही, कारण सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.