जहाल जंतू आणि वारीचे पाणी

बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसणाऱ्या वारकऱ्यांनी कुर्डुवाडी गजबजू लागली. त्या काळी वारी म्हटले की पटकीची धास्ती असे. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर आणि दिवस मावळायच्या आत माणूस दगावलेला. आता ती धास्ती ओसरली आहे, म्हणून पाणी शुद्ध करणे हा केवळ साथ टाळण्याचा खर्च मानला जातो. हा हिशेब अपुरा आहे. शुद्ध पाण्याने रुग्ण घटतातच, शिवाय जहाल जंतूंना मिळणारी आयती सवलतही बंद होते.

यजमान मेला तर जंतूही संपतो, म्हणून काळाच्या ओघात रोग मवाळच होतो, असे मानणारे बरेच आहेत. शरीरात जंतूचा एकच वाण असेल तर त्यात तथ्य आहे. पण दोन वाण शिरले की गणित सामाईक विहिरीचे होते. एकाने मोटार बंद ठेवली म्हणून पाणी उरत नाही, ते शेजाऱ्याच्या उसाला जाते. उंदरांच्या हिवतापावर एडिंबरोच्या संशोधकांनी केलेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसले: उंदराला अधिक आजारी पाडणाऱ्या वाणांनी मवाळ वाणांना मागे रेटले. पटकीत तर रुग्ण अंथरुणाला खिळला तरी जंतूचे अडत नाही. जुलाब नदीत किंवा आडात मिसळले की त्याचा पुढचा प्रवास सुरू. १९९१ च्या दक्षिण अमेरिकेतील साथीनंतर, पाणीव्यवस्था चांगली असलेल्या चिलीत जंतूंची विष बनवण्याची क्षमता घटली, असे उत्क्रांतीचे अभ्यासक पॉल इवाल्ड यांनी मांडले.

यावर रास्त आक्षेप आहेत. इवाल्ड यांच्या निष्कर्षाबद्दल मतभेद आहेत. चढाओढीने प्रत्येक जंतू जहाल होतोच असेही नाही. काही जिवाणू लोह मिळवण्यासाठी बाहेर सोडतात ते द्रव्य शेजारचे फुकटे वाणही वापरतात. तिथे फुकटे माजतात आणि आजार सौम्य होऊ शकतो. पटकीचे विषही आतड्यात बाहेरच सोडले जाते, त्यामुळे ही शंका तिथेही लागू पडते. पण धोरण या वादाच्या निकालासाठी अडायला नको. सिद्धांत चुकला तरी शुद्ध पाण्याने रुग्ण घटतील. बरोबर निघाला तर उरलेला रोगही नरमेल. म्हणून क्लोरीन, नमुन्यांची तपासणी आणि सांडपाण्याचा बंदोबस्त आषाढीच्या पंधरवड्यापुरता न ठेवता कुर्डुवाडीपासून पंढरपूरपर्यंत बारमाही हवा. जंतूंची चढाओढ यात्रेची तिथी पाहून थांबत नाही.