अकरा मारुती, एक दिवस

समर्थांचे अकरा मारुती ‘एका दिवसात करून आलो’ असं कुणी मिशीला पीळ देत सांगितलं की माझं डोकं फिरतं. करून आलो म्हणजे काय? भांगलण होती का ती? सात साताऱ्यात, दोन सांगलीत, दोन कोल्हापुरात. शहापूरचा पहिला, शके १५६६चा. अकराही काय एका दिवसात बसवले होते? वर्षाला दोन करा की! कोण पाठीस लागलंय?

बोलतोय खरा, पण तेच पाप मीही केलंय. आईला घेऊन निघालो, खिशात वेळापत्रक. मसूर पंधरा मिनिटं, उंब्रज दहा. चाफळला दोन एकाच जागी, म्हणून जीव हरखलेला. बहे इथं कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आई टेकली. पलीकडं बोरगाव, तिचं माहेर.

“जरा पाण्यात पाय सोडू दे रं.”

मी घड्याळ दाखवलं. शिराळा गाठायचं होतं.

“मारुती कुठं पळून चाललाय व्हय?” म्हणत ती उठली.

पारगावला अकरा भरले तेव्हा ती जीपमध्येच झोपली होती. नारळ मी एकट्यानंच फोडला. तिला पुन्हा बोरगावच्या पाण्यावर न्यायचं राहिलं ते राहिलंच.