कब्रस्तानातला सब्जा

गेल्या शब-ए-बरातच्या आधी आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी कब्रस्तान साफ केलं. मीही खराटा घेऊन त्यांच्यात होतो. गवत कापलं, तणनाशक फवारलं, पाचोळा जाळला. मोठ्यांनी शाबासकी दिली. आठवड्याने अब्बांच्या कबरीपाशी गेलो, तर तिथला सब्जा वाळून गेला होता. त्याच्या तुऱ्यांवर एरवी गुणगुणणारी एकही माशी दिसेना.

दाट वस्तीच्या आपल्या मोहल्ल्यांत बाग नसते, मैदान नसते. सिमेंटखाली न गेलेली जमीन बहुतेकदा कब्रस्तानातच उरते. परागीभवन करणाऱ्या कीटकांना अशीच जमीन लागते. मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्यामोहोळ आठवतं. पण पोळं न करता एकेकट्या राहणाऱ्या माश्याही असतात आणि त्यांच्या बहुतेक जाती मातीत बीळ करून अंडी घालतात. जगातल्या ७५ टक्क्यांहून अधिक प्रकारची अन्नपिकं थोड्याफार प्रमाणात अशा जीवांवर अवलंबून आहेत, असं 'आयपीबीईएस'चा २०१६चा अहवाल सांगतो. कुरआनच्या सोळाव्या सूरहचं नावच 'नहल', म्हणजे मधमाशी. ती सूरह आपण पढतो आणि सफाईच्या नावाखाली त्याच माशीचं घर जाळतो.

बुजुर्गांची काळजी खोटी नाही. गवतात साप असतो, जियारतीला वाट हवी. म्हणून वाटा आणि कबरींभोवतीची जागा साफ ठेवू. भिंतीकडेची दोन हात पट्टी मात्र सोडून देऊ. तणनाशक आणि जाळणं बंद करू. कुंपणाला मेंदी लावू, कोपऱ्यात लिंबू आणि कढीपत्ता. त्यांच्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. कबरीवर सब्जा लावणं तर आपली जुनीच रीत. त्याचे तुरे तेवढे खुडू नका.

रोपं विकत आणायची गरज नाही. गल्लीतल्या खाला आणि चाची गच्चीवरच्या डब्यांत वर्षानुवर्षं हेच वाढवत आल्या आहेत. अनेक ठिकाणी त्यांना कब्रस्तानात जाऊ देत नाहीत. निदान या कामाच्या बैठकीत त्यांना मानाने बोलवा. कबर खोदणाऱ्या चाचांनाही विचारा. तिथली माती त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते.

दोस्तांनो, पावसाळ्याआधी आपापल्या ट्रस्टींना भेटा. सगळं कब्रस्तान मागू नका, फक्त एक पट्टी मागा. ती सांभाळायची जबाबदारी लेखी घ्या. अब्बांच्या कबरीवर मी पुन्हा सब्जा पेरला आहे. यंदा सफाईला जाताना फवारणीचा पंप घरीच ठेवणार आहे.